वैजूची ठकी

बाहुलीचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. आमच्या भागात लई जणांनी ऐकला आहे — लग्नाच्या पंगतीत, पारावर, कुणाच्या बारशाला — आणि माझ्याच तोंडून. लोक पोट धरून हसतात. पण मी तो जिथं संपवतो ना, तिथं तो संपला नव्हता. पुढचं मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि ती तर माझ्या झोपेतलं बोलणंही ऐकून घ्यायची. आता लिहून काढतो. अक्षर वाकडं आहे, शाळा मला दुसरीच्या पुढं सोसली नाही. वाचताना कंटाळा आला तर ठेवून द्या, माझं काही म्हणणं नाही.

निजामाचं राज्य होतं, आम्ही मोगलाई म्हणायचो. आमची संगीत नाटकाची कंपनी होती. बैलगाड्यांवर पडदे, पायपेटी, रंगाचे डबे लादायचे, गावोगाव जायचं, तहसीलदाराची इजाजत मिळाली की खुंट ठोकायचे. मी विनोदी कामं करायचो. राणीचा नोकर, पेंगणारा पहारेकरी, बायकोचा मार खाणारा भट — असली. आणि चांगली करायचो. हे मी फुशारकीनं म्हणत नाही. म्हणजे — म्हणतोच फुशारकीनं. कावून म्हणू नये?

पण त्याआधी राणी मी होतो. हे मात्र मी किश्श्यात कधी घेत नाही. बायकांची कामं तेव्हा पुरुषच करायचे, आणि आमच्या कंपनीत पहिली तीन वर्षं जांभळा शालू माझ्या अंगावर होता. मग माझा गळा फाटला. मालकानं एका सकाळी शालू मागून घेतला आणि नोकराचा ठिगळाचा अंगरखा हातावर ठेवला. तो शालू वैजूला गेला.

वैजू म्हणजे वैजनाथ. परळीच्या वाण्याचं पोर, माझ्याहून लहान. त्याचा गळा कसा होता ते विचारू नका. सांगायला मला आजही जड जातं. त्याच्या आवडी विचारा, त्या मला तोंडपाठ आहेत. त्याला केवड्याचं अत्तर लागायचं, तेही आंघोळीनंतर लगेच, अंग ओलं असताना. तिखट तो खायचा नाही, दूध-भाकरी आणि वर गूळ, आणि गूळ काळाच पाहिजे. सीताफळावर जीव. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं आली की गवयानं खाऊ नये ते हा गाडीच्या आडोशाला बसून खायचा, आणि सापडला की बिया मुठीत धरून लेकरासारखा बघायचा. केस स्वतःचे वाढवलेले होते, टोप त्याला सोसायचा नाही. शिकेकाईनं धुवायचे, उन्हात पसरून बसायचं. हिरव्या बांगड्या खेळ संपला तरी उतरवायचा नाही. म्हणायचा, "उतरवताना फुटत्यात, नाना." खोटं. त्याला तो आवाज आवडायचा. झोपेत कूस बदलली की किणकिण व्हायची आणि मी जागा असायचो.

यातल्या कितीतरी गोष्टी त्यानं माझ्याकडून घेतल्या होत्या. अत्तर कानामागं कुठं लावायचं ते मी शिकवलं. निऱ्या मी शिकवल्या.

आणि एक ठकी होती. लाकडाची साधी बाहुली, नाक झिजलेली. त्याची थोरली बहीण प्लेगात गेली, तिची. बहिणीनंच त्याला लहानपणी जात्यावरच्या ओव्या शिकवल्या होत्या, गाणं तिथून आलं. राणीचं कुठलंही लुगडं कापून मापाचं करायला टाकलं की हा शिंप्याकडून त्याची चिंधी मागून घ्यायचा आणि ठकीला नेसवायचा. म्हणजे राणीचा शालू तोच ठकीचा शालू. तोंडाला रंग लागला, दागिने चढले, की रंगपटात कुणी नाही असं बघून तिला हातात घ्यायचा आणि विचारायचा, "अक्का, कशी दिसते मी?" मग बाहेर. हे फक्त मला ठाऊक होतं. मला त्यानं आपणहून दाखवलं होतं. का दाखवलं? मी त्याला कधी चांगला वाटेन असं काय केलं होतं?

आता नेकनूर.

नेकनूरला बाजाराच्या दिवशी आम्ही दिवसाचा खेळ लावला. बाजारकरी अंधार पडायच्या आत गाड्या जुंपून घरी जातात, रात्री कोण थांबणार? चहूबाजूंनी कनाती, वर उघडं आभाळ. एक गोष्ट ध्यानात ठेवा — रात्रीच्या खेळात नटाच्या डोळ्यांवर दिवे असतात, त्याला माणसं दिसत नाहीत, नुसता हशा ऐकू येतो. दिवसा तोंडं दिसतात. एकेक.

नेकनूरच्या एका किराणा दुकानदाराची पोरगी वैजूला बघितलेली होती. आप्पा म्हणायचे त्या दुकानदाराला. नाटकवाल्याला पोरगी द्यायची म्हणजे त्या काळी मोठं कोडं. पण पोरगा घरंदाज, त्यांच्याच शिवभक्तांतला, शिवाय पोरीलाही मनातून पसंत — तिनं परळीच्या देवळात त्याचं भजन ऐकलं होतं. आप्पा म्हणाले, एकदा खेळ बघतो, मग सुपारी फोडू. वैजूनं शब्द दिला होता की लग्नानंतर वर्षभरात कंपनी सोडतो, दुकानात बसतो.

विनोदी नटाला आमच्यात एक मुभा असायची. बाकीच्यांनी नाटकातलंच बोलायचं, आम्ही पदरचं बोलायचं. ज्या गावात खेळ त्या गावची खबर आधी काढायची आणि रंगमंचावरून चिमटे घ्यायचे — पाटलाचं घोडं, सोनाराचा तराजू. लोक त्यालाच जास्त हसायचे. वैजू त्या दिवशी रंगाला बसण्याआधी माझ्याकडं आला. हातात दोन सीताफळं, त्यातलं मोठं, डोळे उघडलेलं, मला दिलं.

"नाना, आज तेवढं माझ्यावर काय बोलू नका. ती माणसं समोर बसणार हायेत."

"येडा का बे तू? मी कावून बोलीन?"

"हात द्या."

मी हात दिला. सीताफळ खाल्लं. गोड होतं.

तुम्ही म्हणाल, काहीतरी झालं असेल, तो काही बोलला असेल. नाही. कारण शोधू नका, मी लई वर्षं शोधून बघितलं. तो पहिल्या प्रवेशाला बाहेर गेला, रंगपटात आरशापुढं ठकी होती, मी ती उचलली आणि कमरेला अंगरख्याच्या आत खोचली. एवढंच. उचलताना मला सगळं पुढचं ठाऊक होतं.

दुसऱ्या अंकात राणी झोपाळ्यावर बसते आणि नोकर तिला वारा घालतो. आमच्यात शिस्त अशी की स्त्रीपार्ट करणाऱ्यानं काही झालं तरी बाईपण सोडायचं नाही. तंबूत साप निघाला तरी राणीनं राणीसारखंच बसायचं. मी पंखा खाली ठेवला आणि पुढं आलो.

"ऐका हो नेकनूरकर! आमच्या बाईसाहेबांच्या आवडी सांगतो. जावई करून घेणाऱ्यानं नीट ऐकावं!"

हशा आला. पहिल्या रांगेत आप्पा होते, पागोटं घातलेलं, तेही हसले. मी अत्तर सांगितलं — घोड्याला खरारा करावा तसं रोज लागतं म्हणालो. केस सांगितले. सीताफळाच्या बिया सांगितल्या. मग बांगड्या.

"रात्रीबी उतरत न्हाईत! आप्पा, पोरीला चुडा कशाला भरता? एका घरात दोन नवऱ्या झाल्या की हो!"

आता आप्पा हसत नव्हते. मला दिसत होतं. मागं बायकांच्या गाड्या उभ्या होत्या, त्यातल्या आप्पांच्या गाडीच्या ताडपत्रीचा कोपरा कुणीतरी हातानं धरून वर केला होता. तो हातही मला दिसत होता. मी मागं वळून वैजूकडं बघितलं. तो राणीसारखा बसला होता, ओठांवर राणीचं हसू. हाताची बोटं झोपाळ्याच्या कडीवर आणि अंगठा आत मुडपलेला. तेव्हा थांबता आलं असतं की नाही? आलं असतं. ठकी अजून आतच होती.

मी ती बाहेर काढली. जांभळा शालू नेसलेली, त्याच्यासारखीच.

"अन् लेकरूबी तयार हाय! आप्पा, तुमी पाळणा तेवढा द्या!"

असा हशा मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. कनाती हलल्या. बैल उठून उभे राहिले. मी ठकी नेऊन वैजूच्या मांडीवर ठेवली आणि विंगेत गेलो.

त्यानंतर त्याचं पद होतं. पायपेटीवाल्यानं सूर दिला आणि त्यानं पद म्हटलं. ठकीला मांडीवर घेऊन, पदर तिच्यावर ओढून. आणि काय सांगू — तसं तो कधी गायला नव्हता. हसणारे हळूहळू गप्प होऊ लागले. एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली. खेळ त्याच्या हातात परत चालला होता. पद संपलं.

मग कुणीतरी ओरडलं, "वन्समोर! बाहुलीला झोपीव बे!"

किश्श्यात मी सांगतो की गर्दीतलं कुणीतरी ओरडलं. गर्दीतलं कुणी नव्हतं. विंगेत उभा राहून, आवाज बदलून, मी ओरडलो होतो. आवाज बदलणं हा तर माझा धंदा.

मग सगळं रान पेटलं. वन्समोर आला की नाही म्हणायची सोय नसायची, आणि मालक विंगेतून हातानं खुणावत होते, म्हण, म्हण. त्यानं म्हटलं. पुन्हा वन्समोर. पुन्हा म्हटलं. "थापट बे तिला!" "पाजीव की!" किती वेळा म्हटलं ते माझ्या ध्यानात नाही, पण गळा वरच्या सुरावर कधी फाटला ते ध्यानात आहे. ओळखीचा आवाज होता. माझा असाच फाटला होता. आप्पा त्याच्या आधीच उठले होते. धोतर झटकलं, गाडीकडं चालू लागले. ताडपत्री खाली पडली होती. गाडी निघाली.

किस्सा मी इथंच संपवतो. लोकांना वाटतं आम्हा दोघांचं ठरलेलं होतं. मीच तसं सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडं आला. बाजारात न्हावी बसला होता त्याच्याकडून डोकं भादरून आलता. बांगड्या नव्हत्या, मनगटावर ओरखडे. गाठोडं बांधलेलं. मला वाटलं शिवी देईल, मी पायही घट्ट रोवले होते.

"नाना," म्हणाला, "तुमचा शालू रंगपटात घडी घालून ठेवलाय. माझी ठकी तेवढी द्या."

तुमचा शालू. त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

ठकी माझ्या अंगरख्याच्या आत होती. पडदा पडला तेव्हा गोंधळात ती खाली पडली, मी उचलली आणि जिथून काढली तिथंच परत खोचली. तिचं डोकं माझ्या बरगडीला टोचत होतं. द्यायला काय लागलं असतं? हात आत घालायचा, बाहेर काढायचा.

मी म्हणालो, "माझ्याजवळ कुठली? गर्दीत कुणी नेली आसंल."

त्यानं गाठोडं खाली ठेवलं. मग शोधायला लागला. बाजारतळ सगळा शेणानं, कडब्यानं, पत्रावळ्यांनी भरलेला. तो एकेक पेंढी उचलून बघायचा. आणि मी — हे लिहिताना हात थांबतो, तरी लिहितो — मीही त्याच्याबरोबर शोधली. वाकून वाकून शोधली. मीच त्याला म्हणालो, बैल बांधले होते तिकडं बघू. तो तिकडं गेला. हातानं शेण चाळत होता आणि पुटपुटत होता, अक्का, अक्का. मी वाकलो की ती बरगडीला टोचायची आणि मी आणखी वाकायचो. ऊन चढलं तेव्हा तोच म्हणाला, "राहू द्या नाना. तुमी कुठवर शोधाल?"

आणि परळीच्या वाटेला लागला. पायी. त्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

शालू मला मिळाला नाही. मालकानं नवा पोरगा आणला. पण ठकीचा विनोद मालकांना इतका आवडला की तो प्रत्येक गावात घालायला लावला, आणि मी घातला. मोगलाईभर घातला. परळीलासुद्धा. तिथं तर मी आपणहून म्हणालो, घालू. तो समोर बसला होता का? तिथं रात्रीचा खेळ होता. दिव्यांपलीकडं नुसता हशा ऐकू येत होता.

ठकी अजून आहे. शालूच्या चिंधीचा रंग गेला, केवड्याचा वास तर कधीच गेला. नातवंडं रडायला लागली की मी तिला काढतो, तिच्याकडून नकला करवतो, ती हसतात. मला तो हशा अजून आवडतो. परवा धाकट्या नातीनं तिला उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, आबा, ही कुणाची हो?

मी म्हणालो, माझी.