तानाक्काचं भाषांतर

तानाक्का कुणाच्या बापाला भीत नाही, असं गावात म्हणतात. साफ खोटं. एका माणसाला ती भ्यायची, विजयसिंहला. चंदगडकडच्या त्या छोट्याशा गावात शाळा समितीचा अध्यक्ष तोच, आणि शाळेची खिचडी कुणी शिजवायची हे ठरवणाराही तोच. चौदा वर्षं तानाक्का त्या चुलीपाशी उभी होती. नवरा ज्ञानू जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा कागलच्या एमआयडीसीत आपल्या संसारात. सत्तर पोरांच्या ताटांवर बाईचा सगळा जीव. ते काम गेलं तर घरात बसून काय भिंतीशी बोलायचं?

दिवाळीनंतर शाळेत बल्गेरियाची एक पोरगी आली, इलियाना. कुठल्याशा संस्थेनं पाठवलेली, पोरांना फुकट इंग्रजी शिकवायला. तिला घरात घ्यायला कुणी तयार होईना. "हिला पाव लागंल, लोणी लागंल," म्हणत एकेकानं अंग काढून घेतलं. तानाक्का म्हणाली, "माझ्याकडं राहू दे की. भाकरी खाईल, न्हाय तर उपाशी राहील." पोरगी भाकरी खायला शिकली, खर्डा खाऊन रडायला शिकली आणि मोडकंतोडकं मराठीही बोलायला लागली. शब्दाचं शेपूट तेवढं तिच्या तोंडात अडकायचं. 'येतात'चं 'येता', 'खातात'चं 'खाता'. पोरांना त्याची सवय झाली होती.

फेब्रुवारी सरता सरता दोघी अंगणात बसून लाल आणि पांढरी लोकर पिळायला लागल्या. इलियानाच्या देशात एक मार्चला वसंताचा सण असतो. त्यांच्या भाषेत 'बाबा' म्हणजे आजी आणि 'मार्ता' म्हणजे मार्च. ही मार्चआजी भलती लहरी. हसली की ऊन, रुसली की बर्फ. तिची मर्जी राखायला एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधायचा.

"म्हंजे सासूच की गं ही!" तानाक्का म्हणाली, आणि दोघींनी मिळून सत्तर दोरे वळले.

एक मार्चला व्हरांड्यात सगळी शाळा बसवून इलियाना पुढं उभी राहिली. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "आज बाबा मार्ता!" ती ओरडली. "बाबा मार्ता, कोणाला माहिती?"

बाईंचं शेपूट पोरांनी मनातल्या मनात जोडून घेतलं. बाबा मारतात, हे कुणाकुणाला माहिती आहे, असं बाई विचारतायत. पहिला हात वर गेला राजनंदिनीचा. तिसरीतली पोर, विजयसिंहची लेक. मग मागचा एक. मग बघता बघता अर्धी शाळा.

"खूप छान! खूप छान!" इलियानानं टाळ्या वाजवल्या. "बाबा मार्ता, सगळे खूश!"

उलथनं घेऊन दारात उभ्या असलेल्या तानाक्काला घोटाळा कळला. तिला हसू फुटलं, आणि ते हात बघून जागच्या जागी जिरलं. तेवढ्यात खिचडी करपल्याचा वास आला, म्हणून ती आत पळाली.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. पाच-सहा बाप शाळेत आले, पुढं विजयसिंह. "कुणाचा बाप मारतोय ह्याची हजेरी घेतीया व्हय ही? घरात भांडणं लावाय आलीया! उद्याच्या एसटीत बसवा हिला." हेडमास्तरांचं नाव धैर्यशील, पण अध्यक्ष आला की चहात पडलेलं बिस्कीट. "बघू या, बघू या," एवढंच म्हणत राहिले. आपलं काय चुकलं हेच न कळून इलियाना रडकुंडीला आली.

तानाक्कानं पदराला हात पुसले. "अध्यक्षसाहेब, तिच्या भाषेत बाबा म्हंजे आजी. मार्ता म्हंजे मार्च. मार्चआजी आली, असं सांगत हुती बिचारी."

सगळे एकजात हसायला लागले. विजयसिंहला तर डोळे पुसावे लागले. "आयला, आजी व्हय! मग राहू दे की."

मिटलं होतं. पोरगी राहिली होती, नोकरीही राहिली होती. शहाण्या बाईनं तिथं गप बसावं की नाही? पण तानाक्काची जीभ कधी तानाक्काचं ऐकायची नाही.

"बोलण्यात घोटाळा झाला, मान्य हाय," ती म्हणाली. "पोरांनी हात वर केलं, ते काय घोटाळ्यानं? माझा बा मला चाबकानं मारायचा. मग ज्ञानू मारायचा, चुलीतल्या लाकडानं. साठी झाली माझी, मला कुणी इचारलं न्हाय. ह्या पोरीनं चुकून का हुईना, इचारलं. पोरांत बसले असते तर माझा बी हात वर गेला असता. आता कामावरनं काढायचं तर काढा."

विजयसिंह लालबुंद झाला. तो राजनंदिनीकडं वळला. "मी मारतो तुला?"

पोर तानाक्काच्या पदराआड. तिथूनच म्हणाली, "व्हय. पाढं चुकल्यावर. आन न चुकल्यावर बी."

माणूस तापट होता, पण दगड नव्हता. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला. मग पोरांच्या हातातले लाल-पांढरे दोरे बघून त्यानं आपलं मनगट पुढं केलं. राजनंदिनी भीत भीत आली, दोरा बांधला, दोन गाठी मारल्या.

"किती दिवस ठेवायचा, इचार की तिला," विजयसिंह म्हणाला.

तानाक्कानं विचारलं. इलियाना डोळे पुसत, हसत, बाहेर बोट दाखवून घाईघाईत सांगायला लागली; कळलं ते एकट्या तानाक्काला. झाडाला पहिला मोहोर दिसला की दोरा काढायचा आणि त्याच झाडाला बांधायचा. बाहेर कुंपणापासून डोंगरापर्यंत काजू मोहरला होता. आंब्यांचंही तेच. म्हणजे दोरा आजच सुटणार.

"काय म्हणती?"

तानाक्कानं एकदा काजूकडं बघितलं, एकदा राजनंदिनीकडं.

"म्हणती," ती अगदी गंभीर तोंडानं बोलली, "हात उगारायची सवय सुटंस्तवर काढायचा न्हाय. आन सवय सुटली का न्हाय, ते पोरगी ठरवणार."

समितीनं तानाक्काला काढलं नाही. आणि राजनंदिनीनं तो दोरा सोडला, तो दिवाळीच्या सुट्टीत.