पेव्हर ब्लॉक आणि सावंतांचं तवसं

जमीन खणली की माती निघते, असं शाळेत शिकवतात. चारकोपमध्ये किस्से निघतात. सोसायटीच्या मागचा रान माजलेला प्लॉट आम्ही तिघांनी भाजीसाठी साफ करायला घेतला, तेव्हापासून माझ्याकडे इतके साठलेत की बायको म्हणते, "भाजी राहू दे, तुम्ही हेच विका!"

आधी माणसं सांगतो. सावंतकाका बस डेपोतून रिटायर झालेले, गाव मालवणजवळ. "गावाक जमीन आसा," हे मी त्यांच्याकडून वीस वर्षं ऐकतोय. त्या जमिनीत कुदळ घालायची तर अकरा चुलतभावांना विचारावं लागतं, आणि त्यातले सहा एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे सावंतांनी आयुष्यात मेथीचा दाणाही पेरलेला नाही. त्यांची इच्छा एकच. "मराच्या आधी एकदा तरी स्वतः लावलेलां तवसां खावचां आसा माका." तवसं म्हणजे पावसाळ्यातली गावठी मोठी काकडी.

दुसऱ्या पाटकर मॅडम, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्तही त्याच लिहितात, कारण अक्षर सुंदर आणि कोणाच्या बापाला घाबरत नाहीत.

तिसरा मी. माझा अनुभव म्हणजे फ्रिजमध्ये कांद्याला एकदा कोंब आला होता.

समोर आमचा सेक्रेटरी परब. गाड्या दोन, पार्किंग एक. त्याला तो प्लॉट पार्किंगसाठी हवा होता. तो म्हणाला, "यार, तुमच्या हौसेला माझी ना नाही. वार्षिक सभेपर्यंत एक तरी भाजी दाखवा. नाहीतर पेव्हर ब्लॉक!"

*

पहिल्या दिवशी पाहणी. गवत सावंतांपेक्षा उंच. काका आत शिरले आणि दिसेनासे झाले. फोन लावला. "काका, कुठे आहात?"

"माकाच ठावक नाय!"

मग त्यांनी लाइव्ह लोकेशन पाठवलं. नकाशात ते परबच्या किचनमध्ये दाखवत होते. मी वर जाऊन बघून आलो. काका नव्हते. चहा मात्र मिळाला.

*

गवताला कोयता लावायच्या आधी गाऱ्हाणं घातलंच पाहिजे, असा सावंतांचा हट्ट. जागेचा एक राखणदार असतो. त्याला नारळ ठेवायचा, एकाने मोठ्याने साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्या सोसायटीत अर्धे लोक कोकणातले, आणि उरलेले त्यांच्या शेजारी राहून तसे झालेले. त्यामुळे अडचण नव्हती.

"बा राखणदारा, म्हाराजा! आज ही तुजी लेकरां ह्या रानात कोयतो घालतत!"

"व्हय म्हाराजा!"

खाली "व्हय" म्हणणारे आम्ही दोघं. आवाज आला तिघांचा! वर बघतो तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत परब. एका हाताने फोन कानाला, दुसरा हात छातीशी, डोळे मिटलेले. जातिवंत मालवणी माणूस, गाऱ्हाणं ऐकलं की तोंडून आपोआप निघतं.

फोनवर विम्याची पॉलिसी विकणारी मुलगी होती. त्या दिवशी परबची पॉलिसी निघाली.

*

गवत गेलं, खणायला लागलो. बिल्डिंग बांधताना उरलेलं सगळं बिल्डरने तिथेच पुरलं होतं. फरश्या निघाल्या, अर्धा जिना निघाला, आणि एक अख्खा कमोड निघाला. पाटकर मॅडमनी तो धुऊन त्यात पुदिना लावला. "निचरा उत्तम आहे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या कुदळीखाली एक काळी वायर आली. मूळ समजून मी जोर लावला.

एका मिनिटात सगळ्या बाल्कन्यांत माणसं! कानात हेडफोन, वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट. आपल्या सोसायटीत इतके लोक राहतात, हे मला पहिल्यांदा कळलं.

परबने तातडीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर कारणे दाखवा नोटीस पाठवली. ती मला मिळाली नाही. नेट बंद होतं.

*

माती एकदम मेलेली आहे, खत घाला, असं पाटकर मॅडमचं निदान. गेटवर मासे विकायला चारकोप गावातली हिराबाई येते. तिने टोपलीभर मुंडकी आणि आतडी दिली. वर दम भरला, "खोल पुरा रे! उद्या माझ्या नावानं बोंबलू नका."

खोल म्हणजे किती, ते आम्ही फरशी लागेपर्यंत धरलं. वीतभर.

सकाळी प्लॉटवर मांजरं. आमच्या सेक्टरची तर होतीच, पण काही चेहरे गोराईचे वाटत होते. इतकी मांजरं जमली होती की गेल्या वार्षिक सभेपेक्षा कोरम चांगला होता. त्यांनी सगळी जमीन अशी उकरून काढली की पुढचे चार दिवस आम्हाला कुदळ लागली नाही.

हिराबाईने येऊन बघितलं आणि मला म्हणाली, "भाऊ, तू बाजूला हो. यांनाच ठेव कामाला!"

*

मग पेरणी. मॅडमनी प्रत्येक वाफ्यात नावाची पाटी लावली आणि रोज सकाळी त्या हजेरी घ्यायच्या. "भेंडी? गैरहजर. गवार? गैरहजर. चवळी? पालकांना बोलवा!"

उगवला तो टाकळा. पावसाळ्यात जिथे तिथे माजतो तो. पण आम्हाला कुठे ओळखता येतोय? आठवडाभर घाम गाळून आम्ही तो उपटला आणि गेटबाहेर ढीग लावला. त्या रविवारी मी सावंतांकडे जेवायला होतो. काकूंनी ताटात पालेभाजी वाढली. काकांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"टायकळो! गावची चव आसा गो! खयसून हाडलंस?"

"गेटावरसून," काकू म्हणाल्या. "तुमीच उपटून टाकलात ना?"

काकांनी अजून वाढून घेतली.

*

एक वेल जगला. तवशाचा. कुंपणावर चढला, आणि त्याला एक फळ धरलं. एकच! सावंत सकाळ-संध्याकाळ त्याच्यापाशी छत्री घेऊन बसायचे. दृष्ट लागू नये म्हणून त्याला त्यांनी डेपोतला जुना खाकी मोजा घातला. गणपतीपर्यंत ते त्या मोज्यात मावेना.

सभा गणपतीनंतर होती. मी म्हटलं, "काका, जिंकलो! हे उचलायचं आणि परबच्या टेबलावर ठेवायचं."

चतुर्थीच्या सकाळी बघतो तर वेल रिकामा. तवसं सोसायटीच्या गणपतीसमोर ताटात, मोजा काढून.

पाटकर मॅडम ओरडल्या, "अहो सावंत, तो पुरावा होता!"

"पयलां फळ देवाचां. देवापेक्षा तुमची सभा मोठी?"

आरतीनंतर फोडी झाल्या. परबने दोनदा हात पुढे केला. "झकास आहे! कुठलं रे?"

काका सगळ्यांना वाटत गेले, अगदी वॉचमनपर्यंत. ताट रिकामं झालं तेव्हा त्यांना स्वतःला एकही फोड उरली नव्हती. त्यांनी बोट ताटातल्या पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

"बरां लागता," म्हणाले. "फुडल्या वर्षी खावया."

*

वार्षिक सभा. परब म्हणाला, "दाखवा भाजी."

मी म्हटलं, "तू खाल्लीस ना! दोन फोडी!"

"तो प्रसाद होता. प्रसाद हा पुरावा होत नाही."

मॅडमनी पुदिन्याचा कमोड पुढे केला. कमोडात असताना कुठलीच वस्तू भाजी म्हणून धरता येत नाही, असा निर्णय परबने दिला. मग घसा खाकरला. "तर पेव्हर ब्लॉकचा ठराव..."

सावंत उठले. पुढल्या वर्षीचं बियाणं त्यांच्या शर्टाच्या खिशात पुडीत होतं, मला माहीत होतं. सावकाश म्हणाले, "परबानू, सेक्रेटरी तुमी. पण राखणदाराक सांगल्याशिवाय त्या जागेचा काय ठरवतास? दोन मिनटां गाऱ्हाणां घालतंय."

परब गंभीर झाला. "घाला काका. त्याशिवाय मीही पुढे जाणार नाही."

सगळी सभा उभी राहिली. हात जोडले, डोळे मिटले.

"बा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही सगळी लेकरां तुज्यासमोर हात जोडून उभी आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"जा काय चुकला-माकला असात, ता पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुज्या जागेर पेव्हर बिलाक घालूचो जो बेत होतो, तो ह्या लेकरांनी आज तुज्यासमोर सोडून दिल्यानी!"

"व्हय म्हाराजा!"

हॉलच्या काचा थरथरल्या. सगळ्यात मोठा आवाज परबचा होता.

डोळे उघडले तेव्हा पाटकर मॅडमचं लिहून झालं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वर्गात वाचतात तसं वाचून दाखवलं, "पेव्हर ब्लॉकचा बेत रद्द. ठराव एकमताने मंजूर. सूचक, श्री. सावंत. अनुमोदक, श्री. परब."