अर्ध्या करंगळीचा हात

भूत किती कापडात होतं ते मला विचारा. सव्वादोन वार मांजरपाट, तोंडाला राख, आणि पडद्यामागे पत्रा हलवणारा एक भरवशाचा माणूस! भिलाईच्या आमच्या गणेशोत्सवात मी ओळीने तीन वर्षं भूत झालो. एकदा तर पहिल्या रांगेतल्या एका इंजिनिअरसाहेबांची मिसेस खुर्चीसकट उलटली होती. भूत घरी जाऊन तोंड धुतं आणि वरण-भात खातं, हे मी आरशात पाहिलेलं आहे... तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास असायचं काही कारण नव्हतं. तरीही हे लिहायला बसलो, कारण यात भीती थोडी आहे आणि दुसरंच काही जास्त आहे.

तेव्हा कारखाना उभा राहत होता. मी स्टोअर्समध्ये क्लार्क. आमचा सेक्टर कोरा करकरीत — लाल मुरुमाच्या मैदानावर सरळ रांगेत एकसारखे ब्लॉक, एका ब्लॉकमध्ये चार क्वार्टर, सगळीकडे तोच चुना, तेच हिरवं दार. झाड म्हणाल तर एक नाही. मी स्वतः एका दुपारी ड्यूटीवरून आलो, चपला काढल्या, खाटेवर पसरलो आणि ओरडलो, "अवं, चहा ठेव!" आतून एक सरदारीण लाटणं घेऊन बाहेर आली. चपला नंतर आमच्या सौंनी जाऊन आणल्या.

म्हणून जो तो आपल्या भिंतीवर खूण करी. कोणाचा गेरूचा मोर, कोणाचा कोळशाचा त्रिशूळ. एकाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं — 'यह घर रामलाल का नहीं है'. मग खुणांच्या शेजारी नारे आले, नट्यांची नावं आली, शिव्या आल्या. वर्षभरात भिंतींचा पार फळा झाला. शेवटी आम्ही रहिवाशांनीच भिंत-सफाई समिती काढली, आणि सेक्रेटरी कोण? अस्मादिक! गळ्यात शिट्टी, हातात कुंचा. दर रविवारी श्रमदान, चुन्याच्या बादल्या, आणि डांबराच्या रिकाम्या ड्रमवर उभं राहून माझं भाषण. पुन्हा कोणी भिंतीवर रेघ ओढली तर त्याने अख्खा ब्लॉक रंगवायचा, असा नियम. काय मजा यायची, खोटं कशाला बोलू!

एकोणीस नंबरच्या क्वार्टरमध्ये वामन राहायचा. तो रिगर, उंचावर लोखंड चढवणारा. त्याची आई, सगुणामावशी, भंडाऱ्याकडच्या खेड्यातून नुकतीच आली होती. तिने ब्लॉकच्या कोपऱ्यावर गेरूत बुडवून आपला उजवा पंजा उमटवला होता. करंगळी अर्धीच, धान कापताना विळ्याने गेलेली. बाहेरून आली की ती आधी त्या हातावर आपला हात टेकवायची, मगच घरात शिरायची.

त्या रविवारी मी कुंचा घेऊन तिथे पोचलो, तर ती आडवी उभी.

"थो हात राहू द्या जी बाबूजी. बाकी सारं पुसा."

"मावशी, नियम म्हंजे नियम. आता नंबर पेंट होऊन राहिले न. तुमचा एकोणीस. एकावर नऊ."

"मले नंबर नाई समजत. हात समजते."

मी ड्रमवरच्या आवाजात म्हणालो, "मंग मावशी, हात भिंतीवर कावून? हात वर करा!"

सगळे हसले. मावशीसुद्धा हसली, तोंडावर पदर धरून. आणि मी कुंचा फिरवला.

मंगळवारी ती वामनचा डबा द्यायला कारखान्याच्या गेटवर गेली. मे महिना, डोक्यावर ऊन. परतताना तिने आपला कोपरा शोधला असेल... सापडायला तो होता कुठे? संध्याकाळच्या भोंग्यानंतर ती सापडली, घरापासून आठ ब्लॉक पलीकडे, भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर रिकामा डबा. डॉक्टर म्हणाले, उन्हाची लू लागून गेली. तिचा उजवा तळवा चुन्याने पांढरा झाला होता. कोपऱ्यामागून कोपरा चाचपत गेली होती.

मला कोणी बोललं नाही. फक्त आमच्या सौ त्या दिवशी माझ्यासमोर ताट ठेवताना म्हणाल्या, "शिट्टी काढून जेवा."

तेराव्या-चौदाव्या दिवशी, भर दुपारी, त्या आठव्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर गेरूचा हात उमटला. अर्ध्या करंगळीचा.

कोणीतरी हलकट चेष्टा करतं आहे असं वाटून मी तो पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. पुसला. तिसऱ्या दिवशी मी समोर खाट टाकून पहाऱ्यालाच बसलो. मैदानात चिटपाखरू नव्हतं. पाणी प्यायला सुरईकडे वळलो, तेवढ्यात... हात होता. बोट लावलं तर ओला. मी, तीन वर्षांचं भूत, शिट्टी वाजवायलाही विसरलो. पण सवय बघा — पुसला मात्र!

मग चार दिवस मी साळ्याच्या लग्नाला वर्ध्याला गेलो. माझ्याशिवाय कुंच्याला कोण हात लावणार? परत आलो तर आठव्या, सातव्या, सहाव्या आणि पाचव्या ब्लॉकवर, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर एकेक हात. मी चारही पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठव्यावर एकच.

तो पुसायला गेलो तर वामन तिथे उभा. त्याने माझा कुंचा धरला.

"बाबूजी, तुमाले समजून नाई राहिलं का? बुढी घरी येऊन राहिली. रोज एक ब्लॉक. तुमी पुसता, मंग थे भुलते, अन् पुन्हा पह्यलेपासून चालते."

मी कुंचा आपल्याकडे ओढून बघितला.

"पुसू नका जी," तो म्हणाला. "येऊ द्या तिले."

नाही पुसला. सातवा, सहावा, पाचवा... दुपारी बायका कामं टाकून बघायला यायच्या, कोणी मोठ्याने बोलत नसे. आठव्या दिवशी हात वामनच्या शेजारच्या ब्लॉकवर आला. आता एकच कोपरा. वामनने दुसऱ्या दिवसाची सुट्टी टाकली, दारासमोर सडा घातला.

आणि नेमके त्याच सकाळी ठेकेदाराचे मजूर आले. रशियन पाहुणे सेक्टर बघायला येणार, रांग चकाचक हवी. वामन सामान आणायला बाजारात गेला होता. मुकादमाने पहिला हात पाहिला आणि मला विचारलं, "सेक्रेटरी साहब, ये निशान छोड़ना है क्या?"

आजूबाजूला आठ-दहा ऑफिसर, त्यात आमचे स्टोअर्सचे मोठे साहेब. काय सांगणार होतो मी? की एक मेलेली बाई घरी यायची आहे, थोडं थांबा? साहेबांच्या चेहऱ्यावर हसू येईल, ते मला आधीच दिसलं. लोकांना हसवायला मी कधी लाजलो नव्हतो... पण त्या दिवशी लाजलो.

"मारो चूना," मी म्हणालो.

वामन आला तेव्हा रांग पांढरीशुभ्र होती. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "एकच राह्यला होता, बाबूजी."

त्यानंतर आठव्या ब्लॉकवर हात उमटला नाही. मी रोज दुपारी जाऊन बघत होतो. महिनाभर, मग पाऊस लागल्यावरही. पुढे वामनने स्वतःचा पंजा गेरूत बुडवून आपल्या कोपऱ्यावर, जुन्या जागी, उमटवला. तो कोपरा कधी रंगवायचा नाही, असा ठराव मी समितीत मांडला. माझा भाषणाशिवायचा तेवढा एकच.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. वामनचा पंजा उन्हापावसाने फिका पडत गेला. आम्ही दर दिवाळीला त्याच्या कडेकडेने चुना मारतो.

गेल्या महिन्यात वामन दुपारीच दारात आला. "चला जी," म्हणाला. बस्स, तेवढंच.

त्याच्या मोठ्या, फिकट पंजाच्या आत एक लहान पंजा होता. लालभडक, ओला. चार बोटं पूर्ण. करंगळी अर्ध्यावर थांबलेली, आणि तिच्या पुढे वामनच्या करंगळीचं जुनं, फिकं टोक तसंच.

"टेकवला तिनं," वामन म्हणाला, आणि दार उघडं टाकून आत गेला.

कोणी म्हणेल चेष्टा, कोणी म्हणेल ओल. म्हणोत. हे कसं झालं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही. मला कळतं ते इतकंच — आठ ब्लॉक ती आठ दिवसांत आली असती. शेवटच्या एका ब्लॉकला तिला आठ वर्षं लागली. मध्ये मी उभा होतो.