मांडणीवरचा साखरेचा डबा

सिनेमात मी मागच्या दाराने आलो. बिबवेवाडीत गाद्यांच्या दुकानावर आमचा स्टुडिओ होता. पडदे कायम ओढलेले, एसी कायम जास्त आणि चहा कायम गार. तिथे बसून मी दृश्यात नको असलेल्या गोष्टी कॉम्प्युटरवर पुसायचो: हवेत उडणाऱ्या नायकाच्या कमरेची तार, ऐतिहासिक सैनिकाच्या दंडावरचा लशीचा वण, गडामागून डोकावणारा मोबाइलचा टॉवर. काम चांगलं झालं की ते दिसायचंच नाही, त्यामुळे कौतुकाचा प्रश्न नव्हता.

वडिलांचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा होता. त्यांनी जन्मभर विकलेली वस्तू हातात घेता यायची, जिभेवर ठेवता यायची. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "तू तिथे नक्की काय करतोस?"

"पुसतो."

"पुसायला आपल्याकडे बाई येते."

आई हसली. मीही हसलो, पण भात न घेताच उठलो.

सगळ्यात जास्त राग मला प्रतिबिंबांचा यायचा. नायिका आरशासमोर उभी, आणि आरशाच्या कोपऱ्यात चहा पिणारा दिवेवाला. त्यातून दृश्य मराठी स्वयंपाकघरातलं असलं की संपलंच. मांडणीवर ओळीने घासलेले स्टीलचे डबे आणि प्रत्येक डब्यात अख्खं युनिट, फुगून वाकडं झालेलं. सेटवर कोणीतरी "नंतर पुसू" म्हणून मोकळं व्हायचं, आणि ते नंतर म्हणजे मी. त्या दिग्दर्शकांना मी मनातल्या मनात जे बोललोय ते इथे छापता येणार नाही. आपलं थोबाड डब्यात दिसतंय हे ज्याला कळत नाही त्याला गोष्ट काय कळणार, असं माझं ठाम मत होतं.

आई गेली तेव्हाही मी तिथेच काम करत होतो. फोन, स्मशान, नातेवाइकांचं चहापाणी, सगळं नीट पार पाडलं. रडलो नाही. रडू आलंच नाही, त्यात शौर्य काही नव्हतं. दहाव्याच्या दिवशी वडील मावशीला म्हणाले, "ह्याच्या डोळ्यांत टिपूस नाही." मला ऐकू जावं म्हणूनच म्हणाले असावेत. त्यानंतर आमच्यात बोलणं राहिलं ते गॅस सिलिंडर आला का, वीजबिल भरलं का, एवढंच. मला ते फार लागलं होतं. उलट सांगायला माझ्याकडे काही पुरावाही नव्हता.

पुढे स्टुडिओतर्फे मी शूटिंगला जाऊ लागलो. हा खांब टाळा, ती तार सोडा, असं सांगता सांगता कॅमेरा कुठे ठेवावा हेही सांगू लागलो, आणि लोक ऐकू लागले. काही जाहिराती केल्या. मग पहिला सिनेमा मिळाला, एका घरातला, एका म्हाताऱ्या बाईचा. त्यासाठी स्वयंपाकघर हवं होतं. माझ्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये सगळं कपाटांत बंद. आईचं मात्र होतं तसंच होतं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "वापर. नाहीतरी कोण वापरतंय."

माझ्या सेटवर "नंतर पुसू" म्हणायला बंदी होती. सकाळीच मी आईच्या प्रत्येक डब्यावर पावडरचा हात फिरवून त्याची चमक मारली. वडील दारात उभे राहून बघत होते.

दृश्य साधं होतं. बाईला भाऊ गेल्याचा फोन येतो. ती फोन ठेवते, वर आलेलं दूध उतरवते, झाकते, ओटा पुसते आणि मग जमिनीवर बसते. ही भूमिका करणाऱ्या बाई रंगभूमीवर मुरलेल्या, वयस्कर. त्यांनी आधीच बजावलं होतं, "खाली मी एकदाच बसणार. गुडघ्यांशी तसं ठरलंय." जेवणाच्या सुट्टीनंतर शॉट घेतला. जागा अपुरी, म्हणून मी कॅमेऱ्याला चिकटून उभा होतो. बसताना त्यांनी डाव्या हाताने ओट्याची कड धरली, आई धरायची तशी. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. गुडघे दुखणाऱ्या सगळ्याच बायका तशा बसत असतील.

शॉट परत लावून पाहिला. मांडणीवरचा साखरेचा डबा लख्ख चमकत होता, आणि त्यात मी होतो. सुट्टीत वडिलांनी तो घासून ठेवला होता. विचारलं तर म्हणाले, "हा ती रोज घासायची. ती गचाळ होती असं अख्ख्या महाराष्ट्राला कशाला वाटू द्यायचं?"

माझी सहायक खाली बघत म्हणाली, "सर, एक बोलू का?"

ती काय बोलणार ते सगळ्यांना माहीत होतं. बाईंना दोघांनी धरून उठवलं होतं, त्या गुडघा चोळत होत्या. परत करा म्हटलं असतं तर त्यांनी केलंही असतं.

"नंतर पुसू," मीच म्हणालो.

ते काम मी कोणाला दिलं नाही. जुन्या स्टुडिओत जाऊन डबा मोठा करून पाहिला. बाई खाली बसू लागतात तेव्हा डब्यातला मी एक हात पुढे करतो, त्यांना धरायला निघाल्यासारखा. मग तोच हात तोंडावर दाबतो आणि माझे खांदे हलायला लागतात. शूटिंगच्या वेळी मला यातलं काही कळलं नव्हतं. एकेक फ्रेम घेऊन मी स्वतःला काढलं आणि तिथे मागची भिंत भरली. काम चोख झालं.

सिनेमा लागल्यावर वडील एकटेच जाऊन पाहून आले. संध्याकाळी मी गेलो तेव्हा म्हणाले, "डबा छान आलाय."

"हो."

"पण समोर तू होतास. डब्यात कोणीच कसं नाही?"

"पुसलं."

"कोणाला?"

"मला."

"का?"

"रडत होतो."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आहे का ते?"

मूळ शॉट माझ्या लॅपटॉपवर होता. आमच्या धंद्यात पुसण्याआधीची प्रत ठेवायची पद्धतच असते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी तो लावला. वडील चष्मा कपाळावर सारून अगदी जवळ वाकले. बाईंनी दूध झाकलं, ओटा पुसला, कड धरून खाली बसल्या. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांचं बोट साखरेच्या डब्याशी होतं.

शॉट संपला.

"परत लाव," ते म्हणाले.