ऐकणारे वकील

मालवणच्या बाजारात हे वकील समोरून दिसले की लोक दुकानात शिरत. बांगड्याच्या भावावरून सुरू झाले की जावयाच्या दम्यापर्यंत सुटका नसे.

किनाऱ्यावर चोरटा माल उतरला आणि संशयावरून माझ्या भावाला चौकीत बोलावलं, तेव्हा हेच आले. मी बाहेर चौकीच्या खिडकीशी उभा होतो.

"वकिलांनी बाहेर थांबावं," फौजदार म्हणाले.

"कायद्याने मला इथे बसता येतं, साहेब. तुम्ही विचारा. मी नुसता ऐकतो."

भावाला खेटून ते बसले. फौजदारांचा आवाज चढला की वकील चष्मा पुसून पुन्हा लावत आणि त्यांच्याकडे बघत. आवाज उतरे.

संध्याकाळी भाऊ धडधाकट बाहेर आला.

"चल रे, चाय घेवया. बांगडो आज काय भाव गेलो?" वकील सुरू झाले.

आमची एस.टी. आली, गेली. आम्ही दोघे ऐकत राहिलो.