भिंतीवरची शेवटची रेघ

मी कापडाच्या दुकानात आहे. एकतीस वर्षं झाली. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी कप्पे, आणि सगळ्यात वरच्या कप्प्यांत सुटाचं भारी कापड, कारण ते रोज लागत नाही. शिडी आहे, पण शिडी लावणं मला कमीपणाचं वाटायचं. देवाने उंची दिली आहे ती कशाला. खालच्या कप्प्याच्या कडेवर एक पाय द्यायचा, उजवा हात वर टाकायचा, ताग्याचं टोक ओढायचं आणि अख्खा तागा खांद्यावर झेलायचा. मग काउंटरवर एका झटक्यात उलगडायचा. गिऱ्हाईक कापडाच्या आधी माझ्याकडे बघायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. नेहमीची माणसं मला 'वरचे काका' म्हणायची.

जुन्या मालकांनी मला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली. कापड मोजून झालं की कात्री लावायच्या आधी चार बोटं वर सोडायची. न मागता. "चार बोटांनी आपण बुडत नाही आणि माणूस परत येतो," असं ते म्हणायचे. ते गेले, आता त्यांचा मुलगा मालक आहे, तरी मी चार बोटं सोडतोच. माप माझ्या हातात इतकं बसलंय की मीटरपट्टी मी नुसती दाखवायला धरतो. हे सगळं सांगतोय कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तर छप्पन्नाव्या वर्षी खांदा आखडला. एका सकाळी शर्ट घालताना हात बाहीपर्यंत जाईना. मी म्हटलं, झोपेत अवघडला असेल. आठवडाभर मी तेच म्हणत राहिलो. शेवटी बायकोने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, तेसुद्धा दुखरा हात धरून. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, गोळीने जाणार नाही, व्यायामाने जाईल. मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, "ते तुमच्यावर आहे." डॉक्टर असं म्हणाले की समजायचं, आपलं काही खरं नाही.

व्यायाम ऐकायला अगदी पोरखेळ. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, हात भिंतीला टेकवायचा आणि बोटाबोटाने भिंत चढायची, कोळी चढतो तशी. कळ आली की थांबायचं, दहा आकडे मोजायचे, खाली यायचं. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, गेला खड्ड्यात तो व्यायाम, राहू दे हात असाच. खांद्यात असं काही तुटायचं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि वर जायचो किती, तर काहीच नाही.

माझी बायको वाद घालणाऱ्यातली नव्हती. तिची तऱ्हाच वेगळी. संध्याकाळी दुसरा चहा मागितला की "संपला" म्हणायची. मी तोंड पाडलं की कुठूनतरी अर्धा कप निघायचा. साखर संपली म्हणायची आणि महिनाअखेरीला डब्यामागे डबा सापडायचा. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी त्या स्वयंपाकघरात नक्की काय शिल्लक आहे, हे मला कधी कळलं नाही.

तर ती स्टूल घेऊन आली आणि पेन्सिल. माझ्या खांद्यापर्यंत यायची, त्यामुळे तिला स्टूल लागायचंच. "चढा," म्हणाली. मी चढलो, म्हणजे बोटं. तिने माझ्या बोटांपाशी पेन्सिलीने काहीतरी केलं आणि म्हणाली, "झालं. घ्या हात खाली." हात खाली घेतल्यावरही ती स्टुलावर जरा रेंगाळायची. काय करतेस विचारलं तर म्हणायची, तारीख लिहितेय. मी लांब झालो की भिंतीवर ठसठशीत रेघ दिसायची. "उद्या हिच्या वर जा, मग बोला."

आणि दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. जवळचा चष्मा भिंतीवर आपटतो म्हणून मी तो काढून ठेवायचो, पण रेघ जाड, धूसर का होईना दिसायची. माझी बोटं तिच्या वर. मग नवी रेघ, नवी तारीख. रोज सूतभर, कधी दोन सूत. एक दिवस असा नाही की रेघ खाली आली. मी दुकानात सांगत सुटलो. मालकाला म्हटलं, लग्नाच्या हंगामापर्यंत वरचा कप्पा माझा.

एक्केचाळिसावी रेघ गुरुवारी मारली. शुक्रवारी तिला ताप आला. पुढच्या बुधवारी ती गेली. ह्यावर मी आणखी काही सांगणार नाही, कारण सांगायला बसलो तर थांबणार नाही.

मुलगी तीन आठवडे राहिली. तिचं घर लांब, तिची नोकरी, तिची लहान मुलं. जाताना तिने दारात दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. मीच म्हटलं, जा गं, गाडी चुकेल.

त्यानंतर मी दुकानातून घरी यायचो आणि बूट न काढता खुर्चीत बसायचो. ब्रेड खायचो. कधी भात लावायचो, तर दोघांचाच लागायचा, अंदाज चुकायचा. चहा एक कप होतो त्या पातेल्यात, हे मला माहीतच नव्हतं. लोक भेटले की सांगायचे, चालायला जा, मन रमवा. जणू मन कुठे ठेवलंय ते मला सापडलं होतं. भिंत स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळात होती, दिवसातून दहादा समोर यायची. मी तिथे खिळा ठोकून टॉवेल अडकवला. व्यायाम बंद.

आळस होता का? होता. पण खरं सांगू, मला भीती वाटत होती. बोटं तिच्या रेघेच्या खाली पडलेली मला बघायची नव्हती. आणि समजा वर गेली असती, तर मागे स्टुलावर कोण होतं? "झालं, घ्या हात खाली," असं कोणी म्हणायचं? कोणी म्हणेपर्यंत हात वर ठेवायची सवय झाली होती मला. ती सवय फार वाईट.

मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. "बाबा, व्यायाम केला?" "केला." "किती वर गेला?" "कालच्यापेक्षा सूतभर." चार महिने रोज सूतभर. त्या हिशेबाने एव्हाना हात छत फोडून वरच्या बिऱ्हाडात जायला हवा होता.

मग दुकानात ते झालं. एक बाई मुलासाठी सुटाचं कापड बघत होत्या. म्हणाल्या, तो वरचा राखाडी दाखवा. उजवा हात जाईना, म्हणून मी डाव्याने ओढला. तागा सुटला, काउंटरवर आपटला, बाईंच्या चहाचा ग्लास उडाला आणि त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर चहा. बाई चांगल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

दुपारी मालकाने मला बाजूला घेतलं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, माझ्या खांद्यावर बसून त्याने दुकान पाहिलंय. "काका," म्हणाला, "हंगामाला दोन महिने आहेत. तोवर हात वर गेला तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. नाही गेला तर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल. तुम्ही घरी आराम करा. खूप केलंत." तो मनापासून बोलत होता, म्हणून जास्त लागलं. आराम म्हणजे काय, मला माहीत होतं. ती खुर्ची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती खुर्ची. दुकानात निदान दिवसाला तीस माणसं मला काका म्हणतात.

त्या संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी व्हिडिओ लावते. मला भिंत दाखवा." मी म्हटलं, दाखवतो की, त्यात काय.

रविवारी दुकान बंद. दुपारी मी उठलो, व्यायाम करायला नाही. खोट्या रेघा मारायला. टॉवेल काढला, खिळा उपटला, पेन्सिल घेतली. तिच्या अक्षरासारख्या तारखा काढायच्या म्हणून जवळचा चष्मा लावला आणि स्टुलावर चढलो. त्या भिंतीसमोर मी पहिल्यांदाच चष्मा लावून उभा होतो.

शेवटच्या रेघेच्या वर एक ठिपका होता. मला वाटलं, माशीने घाण केली. नखाने खरवडायला गेलो तर बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात तारीख. गुरुवारची. रेघेवरही तीच तारीख. मग खाली बघितलं. प्रत्येक रेघेला एक ठिपका होता, बारीक, पेन्सिल नुसती टेकवून काढलेला, त्याच तारखेचा. आणि एकही ठिपका आपल्या रेघेवर नव्हता. सगळे वर.

मला उलगडायला बराच वेळ लागला. ठिपके खरे होते. माझी बोटं तिथे पोचली होती. रेघा तिने मारल्या होत्या, मी हात खाली घेतल्यावर, खाली, तिच्या मनाने. चांगल्या दिवशी ठिपका वीतभर वर आणि रेघ मात्र सूतभरच सरकवलेली. मध्ये एक आठवडा होता, मला आठवतो, सर्दी झाली होती, मी कुरकुरत कसाबसा उभा राहायचो. त्या आठवड्यात ठिपके रोज खाली आले होते. रोज. रेघा मात्र सूतसूत वर चढत होत्या. मागचं राखून ठेवलेलं ती काढून देत होती, चहासारखं.

मला आधी रागच आला. मापात आयुष्य गेलेल्या माणसाला घरच्या घरी, भर भिंतीवर गंडवलं. आमच्या धंद्यात चार बोटं जास्त दिली की माणूस परत येतो. हिने मला रोज कमी दिलं, आणि मी रोज परत जात होतो. मग शेवटच्या रेघेपासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत बोटं लावून बघितली. चार. बरोबर चार बोटं. तेवढी शिल्लक ठेवून ती गेली होती. मी स्टुलावर बसलो आणि रडलो, चांगला मोठ्याने. ऐकायला होतं कोण.

रडून झाल्यावर चष्मा काढला, स्टूल सरकवलं आणि भिंतीला हात लावला. एकोणिसाव्या रेघेपाशी कळ आली. दहा मोजले. एकोणिसावी. बावीस रेघा गेल्या होत्या. उजवा हात तसाच ठेवून डाव्याने ठिपका दिला. मग हात खाली घेतला, चष्मा लावला आणि ठिपक्याच्या चार बोटं खाली रेघ मारली. डाव्या हाताची होती, वाकडी आली.

संध्याकाळी मुलीला भिंत दाखवली.

"बाबा, ही आजची? ही तर खाली आहे."

"खालीच आहे. चार महिने मी काही केलं नाही. तुला रोज खोटं सांगत होतो."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं तर रोज विचारत कशाला होतीस?"

"खोटं बोलायला का होईना, फोन उचलायचात ना," ती म्हणाली.

तिला ठिपके दाखवले. आईची ही तऱ्हा तिला लगेच कळली. मला तीस वर्षांत कळली नव्हती.

आता लगेच सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. किती तरी सकाळी उठावंसं वाटायचं नाही. दोनदा तीन-तीन दिवस बुडाले. पण चष्मा काढून उभं राहिलं की कालची रेघ दिसायची आणि बोटं तिच्या वर जायची. मीच मारलेली खोटी रेघ, मला माहीत असलेली, तरी बरं वाटायचं. माणूस अगदीच मूर्ख असतो. घर तेवढंच रिकामं होतं. फक्त सकाळी एक काम होतं.

हंगाम लागला तेव्हा हात वरून दुसऱ्या कप्प्यापर्यंत जात होता. मालकाने बघितलं आणि शिडी आणून माझ्या बाजूला उभी केली. दुसरा माणूस त्याने घेतला नाही. आता मी शिडी लावतो. वाटतं कमीपणाचं, पण लावतो.

गेल्या मंगळवारी सकाळी मधलं बोट चढत चढत गेलं आणि थांबलं. दहा मोजले. चष्मा खिशात होता, तो डाव्या हाताने काढून नाकावर ठेवला. बोट तिच्या शेवटच्या ठिपक्यावर होतं. मी कानामागची पेन्सिल घेतली. आता चार बोटं खाली रेघ मारायची, तारीख घालायची. डाव्या हाताची चार बोटं लावून माप घेतलं. तिथे रेघ होती. तिची, गुरुवारची.

नवी मारायची गरजच नव्हती. मी पेन्सिल परत कानामागे ठेवली. हात अजून वरच होता, कोणी सांगायची वाट बघत.

"झालं," मी म्हणालो. "घ्या हात खाली."