आंधळी राणी जूचंद्रला पोचली

सध्या काय वाचतेस, असं कुणी विचारलं की मला जरा ओशाळायला होतं. पलंगाशेजारी नव्या पुस्तकांची चळत आहे, पण त्यातली बरीचशी सुरुवातीलाच अडकून पडलेली. फोनवरही काही अर्धवट आहेत. वालीवच्या ज्या कारखान्यात मी हिशेब सांभाळते, तिथे जेवणाच्या सुट्टीत चार पानं होतात, तेवढीच. पण दर एक-दोन वर्षांनी मी हे सगळं बाजूला सारते आणि कॉलेजात असताना वाचलेली एक जाडजूड इंग्रजी मालिका पुन्हा पहिल्या भागापासून काढते. बर्फाचं राज्य, संपता न संपणारा हिवाळा, एक आंधळी राणी आणि तिला पाठीवरून नेणारा जगातला शेवटचा ड्रॅगन. गोष्ट मला पाठ आहे, तरी वाचते.

मागे दिवाळीनंतर ती काढली, तेव्हा सासूबाई गोखिवऱ्याला आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जूचंद्र गावातल्या त्यांच्या घराला उंच पायऱ्या, आमच्याकडे लिफ्ट. जन्म शेतात आणि भाजीच्या टोपलीमागे गेलेला, त्यामुळे पडून राहणं त्यांना जड जात होतं. टीव्हीचा त्यांना कंटाळा. शाळेत कधी गेल्याच नव्हत्या, त्यामुळे वाचायचाही प्रश्न नव्हता. काही दिवस त्या माझ्या हातातल्या पुस्तकाकडे नुसत्या बघत राहिल्या. मग एका संध्याकाळी म्हणाल्या, "एवढा जाडा पुस्तक, त्यात हाय तरी काय? मना पन सांग."

मी सांगायला लागले. इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि मराठीत बोलायचं. पहिल्याच पानावर अडले. बर्फ म्हणजे काय? त्यांनी पाहिलेला बर्फ म्हणजे मासळीच्या खोक्यातला. मी म्हटलं, तोच, पण आभाळातून पडतो आणि शेतं, घरं, तळी झाकून टाकतो. मग ड्रॅगन. मी त्याला सुसर म्हणून पाहिलं, साप म्हणून पाहिलं. शेवटी म्हटलं, पंख असलेली प्रचंड मोठी घोरपड समजा. हे त्यांना लगेच पटलं. तिथून पुढे आमच्या घरात ड्रॅगन हा शब्द कुणी उच्चारला नाही.

मी कामावरून आले की पर्स ठेवायच्या आत विचारणा व्हायची, राणीला पुढं कोण भेटलं. मध्येच त्या भलतंच काही विचारत. आंधळ्या राणीला कोण जेवण वाढतं? घोरपड एकटीच उरली, तर ती बोलते कुणाशी? इतक्यांदा वाचूनही मला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. उत्तरं पुस्तकात सापडली नाहीत की त्याच काहीतरी सुचवत आणि मान हलवत.

पाय बरा झाला आणि त्या जूचंद्रला परत गेल्या. शेवटचा भाग सांगायचा राहूनच गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी मी आणि नवरा जूचंद्रला गेलो. आजूबाजूला इमारती उठल्या आहेत, पण आमच्या घरामागे अजून शेत आहे. भात कापल्यावर त्यात वाल लावतात. अंगणात शेजारच्या चार-पाच बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. सासूबाई खुर्चीवर होत्या आणि बोलत होत्या. नवरा हाक मारणार होता, मी त्याचा हात धरला.

"थंडी अशी पडली, का पानी दगड झाला," त्या सांगत होत्या. "खाडी दगड झाली. होडी जिथं व्हती तिथंच राहिली. आवाज म्हनून राहिला नाय कुठं."

तीच गोष्ट होती, आणि ती इथलीच झाली होती. राणीच्या राज्यात आता मिठागरं होती. घोरपड शेताच्या बांधात राहत होती. मी सांगितलं होतं तिथवर त्या आल्या आणि थांबल्याच नाहीत.

पुस्तकाच्या शेवटी राणीला दृष्टी येते आणि वितळणारा बर्फ ती स्वतःच्या डोळ्यांनी बघते. सासूबाईंची राणी आंधळीच राहिली. एका सकाळी ती घोरपडीच्या पाठीला टेकून बसली होती आणि तिला अगदी बारीक आवाज आला. खाडीत कुठेतरी दगडाचं पाणी होत होतं. आख्ख्या राज्यात ते सगळ्यात आधी तिला कळलं, कारण बाकीचे सगळे नुसते बघत बसले होते.

शेंगा सोलणारे हात थांबले होते. मी अंगणाच्या कडेलाच उभी. ती मालिका मी किती वेळा वाचली असेल, पण आंधळ्या माणसाला हिवाळा संपल्याचं कसं कळेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

बायका गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि पुस्तकातला खरा शेवट सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतला.

"डोळे आले का? बरा झाला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पन मग ती घोरपडीला सोडून गेली असंल."

खरंच तसं होतं. शेवटच्या प्रकरणात राणी राजवाड्यात परत जाते आणि ड्रॅगन एकटाच डोंगरांत निघून जातो. मी त्यांना दृष्टी येते तिथवरच सांगितलं होतं. मी हो म्हटलं. त्या पदरातली सालं झटकून उठल्या आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

परतताना बाईकवर मी नवऱ्याला विचारलं, लहानपणी आई तुला गोष्टी सांगायची का. तो म्हणाला, ती पहाटे भाजी घेऊन जायची, यायची तेव्हा आम्ही झोपलेले असायचो. तिला गोष्टी येतात हे मला आज कळलं.

पुढच्या रविवारी त्याने मला न विचारताच बाईक काढली. अंगणात पोचल्यावर बायकांच्या मागे, ओट्याच्या कडेला जागा बघून तो बसला आणि समोरच्या सुपातल्या मूठभर शेंगा त्याने आपल्याकडे ओढल्या.